बेरीज न केलेलं पान

वाटणीची माणसं माझ्या ऑफिसात येऊन बसली की पहिला अर्धा तास कुणी मुद्द्यावर येत नाही. पाऊस, टेंभू योजनेचं पाणी, द्राक्षाचा दर, कोइमतुरात कुणाचं दुकान मोठं झालं, असलं काहीबाही चालतं. चहा येतो, कप रिकामे होतात, मग थोरला खिशात हात घालतो. त्या दिवशीच्या थोरल्यानं काढलेला कागद वहीतलं जोडपान होता, घडीवर झिजलेला, दोन्ही अंगांनी भरलेला. एका अंगाला वडिलांची मिळकत, दुसऱ्या अंगाला देणं. त्यानं देणं वाचायला सुरुवात केली आणि मी टिपून घ्यायला लागले. सोसायटीचं पीककर्ज. बँकेचं पाइपलाइनचं. सोनाराकडं ठेवलेली आईची बोरमाळ. खतवाल्याची उधारी. सांगलीच्या दवाखान्याचे एक लाख ऐंशी हजार, ते थोरल्यानं भरलेले. दहाव्याचा मांडव, तेराव्याचा आचारी, कीर्तनकाराची बिदागी, तीही थोरल्यानंच दिलेली. गलाईतली, सोनं-चांदी गाळायच्या धंद्यातली माणसं ही. सोन्याचा कस काढताना मिलिग्रॅम सोडत नाहीत, तर हिशेबात काय सोडणार? विड्याच्या पानांचे पैसेसुद्धा वेगळे लिहिले होते. "एवढंच, वकीलबाई," म्हणत त्यानं घडी घातली.

त्या यादीत माझे वडील नव्हते.

मी काही बोलले नाही. बोलता येण्यासारखं नव्हतंच. मी त्या तिघा भावांचं वाटणीपत्र करायला बसलेली वकील, आणि माझ्याच डॉक्टर बापाचं येणं त्यात घुसवायचं, हे कुठल्या तोंडानं? शिवाय अण्णा, म्हणजे त्या भावांचे वडील, जाऊन बरीच वर्षं झालेली, कोरोनाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मुदतीचा कायदा मला पाठ आहे. केलेल्या कामाचे पैसे मागायला तीन वर्षं, त्यानंतर कोर्टाचं दार बंद. पण घरी येताना गाडीत ती यादी डोक्यातून हलेना. पैशासाठी नव्हे, खरंच. चिडून म्हणावं तर कुणावर चिडावं तेही कळत नव्हतं. पोरांनी लबाडी केली असं मला वाटलं नाही. त्यांना ते देणं आठवलंच नव्हतं. लबाडी केली असती तर निदान ते देणं आहे एवढं तरी मान्य झालं असतं.

अण्णांचं हृदय थकलं होतं. पायाला सूज अशी की अंगठ्यानं दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. सांगलीच्या मोठ्या दवाखान्यातून थोडे दिवस ठेवून घेऊन "आता घरी न्या" म्हणून सांगितलं, तिथून शेवटापर्यंतचा महिना-सव्वा महिना माझ्या बाबांनी काढला. आडवं झोपता येत नव्हतं. पलंगावर लाकडी खुर्ची उलटी घालून तिच्या पाठीवर उशा रचायच्या आणि त्याला टेकून माणूस बसवायचा, हे बाबांनीच त्या घराला शिकवलं. रात्री दम वाढला की धाकटा मोटारसायकल घेऊन आमच्या दारात हजर. सत्तरी ओलांडलेले बाबा कानटोपी घालून, बॅग मांडीवर धरून त्याच्या मागं बसायचे. लॅसिक्सची सुई दिली की लगेच उठून यायचे नाहीत. लघवी सुटेपर्यंत बसायचे. ती मापाच्या भांड्यात मोजायची आणि आकडा कालनिर्णयवरच्या त्या-त्या तारखेच्या चौकटीत लिहायचा, हे काम मधल्या सुनेकडं होतं. संकष्टीच्या खाली ६५०, एकादशीच्या खाली ४००. पुढं पुढं आकडे उतरत गेले. श्वास जरा खाली बसला की अण्णा म्हणायचे, "आता डॉक्टरला च्या टाका." पहाटे साडेतीनला च्या. बाबांना पित्त होतं, तरी ते प्यायचे.

आमच्या भागात डॉक्टरच्या पैशाचं एक गणित आहे, ते कुणी कधी लिहून ठेवलेलं नाही. पैसे सुईचे असतात. गोळ्यांचे असतात, सलाइनचे तर असतातच, कारण बाटली डोळ्यांना दिसते आणि थेंब मोजता येतात. "नुसतं बघितलं" त्याचे पैसे नसतात. नाडी बघितली, पोट दाबलं, छातीला नळी लावली आणि काही नको, गरम पाणी प्या म्हणून सांगितलं, तर माणूस उठताना विचारात पडतो की आता ह्याचं काय द्यायचं. बाबा बहात्तरच्या दुष्काळात ह्या गावात आले. रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायांच्या हातांना पट्ट्या बांधण्यापासून त्यांची प्रॅक्टिस सुरू झाली. तेव्हापासूनचं त्यांचं भांडण ह्या "नुसतं बघितलं"शी आहे. जुन्या काळातले कितीतरी डॉक्टर मग रंगीत पाण्याची बाटली भरून द्यायचे, अंगाला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून. बाबांनीही दिल्या असतील. विचारलं तर हसतात.

उधारी तर होतीच. सुगीला देतो, उसाचं बिल आलं की देतो, थोरल्याची मनिऑर्डर आली की देतो. देतही असत, नाही असं नाही. ज्वारीचं पोतं, भुईमुगाच्या शेंगा, हुरड्याच्या दिवसांत कणसांचा भारा, कधी पाय बांधलेली कोंबडी दवाखान्याच्या पायरीवर. ह्या गोष्टी सांगितल्या की शहरातल्या माझ्या मैत्रिणी विरघळतात. किती गोड गं, म्हणतात. माझी आई हे गोड कौतुक कधी चालू देत नसे. "कोंबडी ठेवून गेला म्हणजे तो सुटला," ती म्हणायची, "लाइटचं बिल कोंबडीनं भरता येतं का?" दवाखान्याची वही तीच लिहायची. लाल कापडी पाठीची लांबोळकी वही, एका घराला एक पान. नावापुढं गावातली ओळख, म्हणजे विहिरीवाले, वडाजवळचे, मास्तरांचे. डाव्या रकान्यात सुई, डोस, व्हिजिट. उजवीकडं जमा. पाडव्याला आई सगळ्या पानांची बेरीज करायची आणि खाली दुहेरी रेघ ओढून बाकी पुढच्या वर्षात न्यायची. बाबा त्या दिवशी काहीतरी निमित्त काढून शेताकडं जायचे.

आई गेल्यावर वही बाबांकडं आली. त्या बैठकीनंतर मी ती काढून बसले.

अण्णांचं पान शोधायला वेळ लागला नाही. शेवटच्या महिन्याच्या नोंदींनी ते भरून पुढच्या पानावर गेलं होतं. बाबांचं अक्षर आईसारखं नाही, ओळी खाली घसरतात. व्हिजिट रात्री. लॅसिक्स २. व्हिजिट. व्हिजिट रात्री. ऑक्सिजन नळकांडं विट्याहून, भाडं आपण दिलं. लघवीची नळी बदलली. व्हिजिट. आणि मग नावाच्या आधी, तिरकं, मागाहून लिहिलेलं "कै." त्याच्या खाली काही नाही. बेरीज नाही, रेघ नाही. मी मागची पानं चाळली. जिथं जिथं "कै." आलं आहे, तिथं तिथं हेच. आईच्या अक्षरातल्या पानांवरसुद्धा. पाडव्याला पैशापैशाचा मेळ घालणारी माझी आई मेलेल्या माणसाच्या पानाची बेरीज करत नव्हती. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची वही, आणि त्यात अशी किती पानं. काही एका ओळीची, रात्री कुणीतरी धावत आलं आणि बाबा पोचेपर्यंत संपलं होतं अशी. काही भरगच्च. भरगच्च असतात ती हीच, कारण माणूस जाताना जेवढं डॉक्टरला राबवतो तेवढं जगताना राबवत नाही. जगलेल्याचं येणं वसूल झालं, मेलेल्याचं राहिलं, असा सरळ हिशेब. आणि तो दोन्ही बाजूंनी मान्य केलेला. गावानं मागितलं नाही म्हणून दिलं नाही, आणि बाबांनी बेरीजच केली नाही म्हणून मागायला आकडाच नव्हता.

मी अण्णांच्या पानाची बेरीज केली. सात हजार आठशे पन्नास. द्राक्षाच्या दोन फवारण्यांइतकेही नाहीत.

गंमत अशी की कायद्यात ह्याच्या नेमकं उलटं लिहून ठेवलेलं आहे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमात कलम ३२० आहे. मृताच्या मिळकतीची व्यवस्था बघणाऱ्यानं सगळ्या कर्जांच्या आधी काय भागवायचं, ते तिथं सांगितलंय. अंत्यविधीचा वाजवी खर्च, आणि त्याच्या जोडीनं मृत्युशय्येवरचा खर्च. त्यात वैद्यकीय शुश्रूषेची फी आणि मरणाआधीच्या एका महिन्याचा राहण्याजेवण्याचा खर्च आला. हे सगळ्यात आधी. मग कोर्टकचेरीचा खर्च. त्यानंतर ३२२ व्या कलमात गडी, कारागीर, घरचे नोकर, ह्यांची मरणाआधीच्या तीन महिन्यांतली मजुरी. आणि मग बाकीचे सावकार. फ्रान्समध्येही पूर्वी शेवटच्या आजाराचा खर्च अशाच पहिल्या रांगेत धरायचे. ज्यांनी कुणी हे लिहिलं त्यांना मेलेल्या घराची चांगली माहिती असणार. मरत्या माणसाच्या उशाशी येताना कुणी तारण मागत नाही, आणि तसं ते मागू नये म्हणून त्याला आधी उभं करायचं. परीक्षेपुरतं हे कलम मी पाठ केलं होतं, पण एवढ्या वर्षांत खेड्यातल्या कुठल्या वाटणीत त्याचा उपयोग झालेला मी पाहिलेला नाही. आमच्याकडं कोण प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला कोर्टाची मंजुरी, काढतंय? तलाठ्याकडं वारसनोंद होते, जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारापुढं वाटप होतं, आणि देणं म्हणजे सातबाऱ्याच्या इतर हक्कांत जे दिसतं ते. सोसायटीचा बोजा तिथं दिसतो, म्हणून सोसायटी विसरता येत नाही. डॉक्टरचा बोजा कुठल्या रकान्यात चढवणार?

आणि जे सातबाऱ्यावर नाही ते यादीत यायला एकच वाट असते. कुणीतरी ते आधीच भरलेलं असलं पाहिजे. सांगलीचे एक लाख ऐंशी हजार यादीत आले कारण थोरल्याला भावांकडून त्यातला वाटा हवा होता. आचारी आला, कीर्तनकार आला, तेही त्याच वाटेनं. बाबांचे कुणीच भरले नव्हते, त्यामुळं ते कुणाच्याच खिशाला लागले नव्हते. जे कुणी दिलं नाही ते देणंच नव्हतं, असा त्याचा अर्थ झाला. हे लक्षात आल्यावर माझा त्या पोरांवरचा उरलासुरला राग गेला आणि त्याच्या जागी एक प्रकारची चीड आली, ती अजून पुरती गेलेली नाही.

अण्णांच्या दहाव्याला मी होते. येरळा नदीला पाणी नव्हतं, बोअरचं पाणी बादल्यांनी आणून विधी उरकले. पिंड ठेवला, माणसं मागं सरली, आणि कावळा शिवेना. बाभळीवर चार-पाच बसलेले, पण खाली एक उतरेना. मग नेहमीचं सुरू झालं. थोरला हात जोडून पुढं झाला. आईला अंतर देणार न्हाई. बारक्या बहिणीचं बाळंतपण करू. गुरं इकणार न्हाई. कावळे ढिम्म. मागून कुणीतरी म्हणालं, "कुणाचं देणं ठिवणार न्हाई म्हण की." तो म्हणाला, "कुणाचं देणं ठिवणार न्हाई, अण्णा." तेवढ्यात गर्दीतून आणखी एक आवाज आला, "डॉक्टरचं बी सांग!" आणि माणसं हसली. बाबाही हसले. टोपी काढून डोक्यावरचा घाम पुसला त्यांनी. कावळा आला तो त्याच्याही नंतर, धाकट्याला विहिरीत बरोबरीचं पाणी देऊ असं कबूल केल्यावर. आता धाकट्याची पाळीच विहिरीला कमी पडते म्हणून तर हे वाटणीपत्र करायचं ठरलं. करार कायद्याच्या २५ व्या कलमात, मुदत टळलेलं देणंसुद्धा फेडीन असं कुणी लेखी सहीनिशी दिलं तर ते बांधील धरतात. कावळ्याला दिलेलं लेखी नसतं. जुन्या हिंदू कायद्यात बापाचं ऋण फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्यच होतं, जुगार-दारूपायी केलेलं सोडून. २००५ च्या दुरुस्तीनं त्या धर्मकर्तव्याचा दावा नव्या कर्जांपुरता कोर्टातून बाद केला. आता वारसानं मिळकतीतून जेवढं घेतलं तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. मला विचाराल तर हे बरंच झालं. पण नदीकाठी अजून जुनाच कायदा चालतो, फक्त त्याची वसुली होत नाही.

बाबांना मी विचारलं. थेटच विचारलं, की का मागितले नाहीत. मला वाटलं होतं ते आपलं काहीतरी थोर बोलतील. ते पेपर वाचत होते, तो खाली न ठेवता म्हणाले, "मागितले असते तर त्यांनी हिशोब मागितला असता."

"मग द्यायचा हिशोब. लिहिलाय की सगळा."

"तो नाही गं. माणूस का गेला, त्याचा."

मग पेपर ठेवला. म्हणाले, बरा झालेला माणूस रस्त्यात भेटतो आणि म्हणतो, डॉक्टर, तुमच्या हाताला गुण आहे. त्याच्याकडून शंभर रुपये घ्यायला काही वाटत नाही, तो हातानं देतो. गेलेल्याच्या घरी बिल घेऊन जायचं तर कशाचं बिल? त्यांच्या लेखी माझा हात चालला नाही. "अण्णा जाणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनाही होतं. मी वाचवायला जातच नव्हतो. दम कमी व्हावा म्हणून जात होतो. पण असं सांगून पैसे कसे घ्यायचे?" मी म्हटलं, दम कमी होणं ही काय थोडी गोष्ट आहे? ते म्हणाले, "ज्याला कमी झाला तो बिल द्यायला राहिला नाही ना."

ह्याच्यावर काय बोलणार. आई असती तर बोलली असती. मला ती बोललेली ऐकूही आली, "लाज तुम्हाला मागायची, आणि तोंड मला द्यायचं दुकानदाराला." हे तिचं खरंच असायचं. आमच्या घरात दोन वर्षं फ्रिजचा हप्ता तुंबला होता तेव्हा वहीतल्या "कै." वाल्या पानांत फ्रिज निघाला असता, हे मला आज दिसतं. बाबांचं मोठेपण म्हणून गाव जे सांगतं त्यात अर्धा भाग भिडस्तपणा आहे आणि त्याचे हप्ते दुसऱ्या कुणीतरी भरलेत. उरलेला अर्धा भाग मात्र खरा आहे, आणि तो मला तोडून वेगळा काढता येत नाही.

१९९५ साली सुप्रीम कोर्टानं पैसे घेऊन केलेली डॉक्टरी ग्राहक कायद्याखाली आणली, तेव्हा तालुक्यातल्या डॉक्टरांची पळापळ झाली होती. बाबांनीही तेव्हा छापील पावतीपुस्तक आणलं. ते अजून अर्धं कोरं आहे. आता दुसरं टोक आलंय. मोठ्या शहरात मरणच सगळ्यात व्यवस्थित लिहिलं जातं. बेडचं भाडं, मॉनिटरचं, व्हेंटिलेटरचं दिवसाचं, हातमोज्यांच्या जोड्या, सगळं ओळीवार छापून येतं आणि आधी अनामत भरल्याशिवाय लिफ्ट वर जात नाही. बिलासाठी मृतदेह अडवू नका, हे २०२१ मध्ये शुश्रूषागृहांच्या नियमांत, रुग्णहक्कांच्या सनदेत लिहावं लागलं, ह्यातच सगळं आलं. ते बिल बघून लोक हादरतात, पण भरतात, कर्ज काढून भरतात, आणि वाटणीच्या यादीत लिहितात. नुसतं बघणाऱ्याला द्यायला आमच्याकडं रीतच नाही. मशीननं बघितलं तर मात्र शंका कुणाला येत नाही.

अण्णांचं वाटणीपत्र झालं, धाकट्याला पाळी वाढवून मिळाली, आणि मी बाबांचं नाव कुठंही काढलं नाही. पण तेव्हापासून कुठलीही वाटणी लिहायला घेतली की मी एक प्रश्न जास्तीचा विचारते. देणं वाचून झालं, घडी पडली, की विचारते, "शेवटच्या दुखण्यात ज्यांनी केलं त्यांचं काही राहिलंय का? डॉक्टर, नर्स, गाडीवाला, राखण बसणारं कुणी?" लोकांना हे आवडत नाही. एकजण म्हणाला, "वकीलबाई, गेलेल्या माणसाचं कशाला उकरताय?" दुसऱ्यानं सरळ "हे कायद्यात हाय का?" विचारलं, आणि हाय म्हटल्यावर कलम लिहून घेतलं, मेव्हण्याकडून काही वसूल होतंय का बघायला. बहुतेक जण एकमेकांकडं बघतात आणि "न्हाई, समद्यांचं दिलंय" म्हणतात.

मागच्या महिन्यात चौघा भावांच्या बैठकीत एक सून दाराशी उभी होती. माझा प्रश्न झाला, भाऊ नाही म्हणाले, आणि ती म्हणाली, "रातीच्या गाडीवाल्याचं ऱ्हायलंय की. कऱ्हाडला दोनदा नेलं त्यानं, डिझेल तेवढं घेतलं." थोरला तिच्याकडं न बघता म्हणाला, "ते कशाला लिवायचं आता." ती म्हणाली, "त्या विचारत्यात म्हणून सांगितलं. न्हाईतर माझं बी काय कमी ऱ्हायलंय व्हय?" भाऊ गप्प झाले. मी विचारलं, गाडीवाल्याचे किती? तिनं आकडा सांगितला. तो मी यादीत घेतला, खतवाल्याच्या वर. तिचं स्वतःचं किती, ते विचारायला मी तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात थोरल्यानं तिला चहाचे कप उचलायला सांगितलं.